शिक्का नसलेलं कार्ड

कपडे शिवण्याच्या कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर चौसष्ट मशीन होती आणि ती चौसष्टच्या चौसष्ट चालू ठेवण्याचं काम एका बाईकडे होतं. मशीन अडलं की शिवणाऱ्या बायका मान वर न करता हाक मारायच्या, "पानाताई," आणि ती एप्रनच्या खिशातला पाना चाचपत येऊन उभी राहायची. तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, तेवढंच. वय अठ्ठेचाळीस. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर "वेळ मिळाला नाही" एवढं सांगून ती पुढच्या मशीनकडे वळायची. अंगानं किरकोळ, आवाज मात्र मजल्याच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू जाणारा, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. सुई मोडली म्हणून ती कधी कुणावर चिडली नाही. पण "आपोआप मोडली" असं कुणी म्हटलं की संपलं. "आपोआप काही होत नसतं," ती म्हणायची. "कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं टाळलेलं असतं."

ही बाई एक दिवस गेम खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचाच म्हणून हटून बसली.

कारखान्याच्या तळमजल्यावर काचेच्या खोलीत एक मुलगी बसायची. शर्टांचे नि पँटींचे नमुने कॉम्प्युटरवर काढायचं तिचं काम, म्हणून सगळे तिला पॅटर्नवाली म्हणत. वय सव्वीस. जेवणाच्या सुट्टीत ती आपला लॅपटॉप उघडून एक गेम खेळायची. लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, माल चढवायचा, घाट उतरायचा, वेळेत पोचवायचा. पानाताई एकदा त्या खोलीतला पंखा बघायला गेली आणि तिथेच उभी राहिली.

"बसा की ताई, बघा चालवून," पॅटर्नवाली म्हणाली.

पानाताईनं जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पाच मिनिटांत तिनं ट्रक दोनदा खड्ड्यात घातला, एकदा नाक्याच्या खांबावर चढवला, आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा तिचा डबा तसाच बंद होता. उठताना तिनं एवढंच विचारलं, "हे माझ्या घरी करायचं तर काय काय लागेल?"

तसं हे वेड नवं नव्हतं. ती अकरा वर्षांची असताना घरात टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आला होता. आला तो दादासाठी. दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्या डब्याचा अडॅप्टर अर्ध्या तासात इतका तापायचा की हात लावला तर चटका बसावा. दादानं बहिणीला काम दिलं, शेजारी बसून पुठ्ठ्यानं त्याला वारा घालायचा. "तू वारा घाल, मग तुझी पाळी." तिनं दोन वर्षं वारा घातला. पाळी काही आली नाही. शेवटी अडॅप्टर जळाला तेव्हा आई म्हणाली, "नीट वारा घातला नसशील." पुढे दादानं तो डबा मित्राला विकून टाकला. तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. डबा तिचा होता कुठे?

आता पैसे तिचे होते. दोन वर्षांच्या जादा पाळ्यांचे, स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा म्हणून बाजूला ठेवलेले. ओटा राहिला.

पॅटर्नवालीनं खाकी कागदाचा एक तुकडा घेतला आणि लागणारे भाग एकाखाली एक लिहिले. पानाताईनं ते आपल्या भाषेत लावून घेतले. प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं. मदरबोर्ड म्हणजे टेबल, सगळं त्याच्यावर बसणार. ग्राफिक्स कार्ड म्हणजे सुई आणि दोरा, कारण पडद्यावरचं चित्र तेच शिवतं. आणि पॉवर सप्लाय म्हणजे मोटर.

"लोक इथेच काटकसर करतात," पॅटर्नवाली म्हणाली. "तो डब्यात मागे लपलेला असतो ना, कुणाला दिसत नाही."

"मोटर भिकार असली की चांगलं डोकंही जळतं. एकोणचाळीस नंबरचं मशीन काय उगाच जळालं? लिही, मोटर चांगली."

मग तीन आठवडे ती यादी रोज बदलत राहिली. एक भाग वाढवला की दुसरा कमी करावा लागे. अंथरूण पाहून पाय पसरायचे हे कुणीही सांगेल, पण कुठला पाय आखडायचा हे ठरवताना पानाताईचं डोकं तापायचं. घरी ती मोबाइलवर माहितीचे व्हिडिओ बघायची आणि जास्तच तापायची. एक म्हणायचा, हेच कार्ड घ्या. दुसरा म्हणायचा, हे कार्ड घेणारा गाढव. दोघंही सारखेच ओरडायचे.

पण हळूहळू तिचं तिला कळायला लागलं. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन निम्म्या पट्ट्या घेतलेल्या बऱ्या, कारण मशीनला दोन्ही हातांनी काम करता येतं. पडदा साधाच घ्यायचा तर कार्ड फार मोठं घेऊन उपयोग नाही. कॅबिनेट काचेचं नि रंगीत दिव्यांचं नको, पुढून जाळी असलेलं लोखंडी हवं, कारण वारा आत जाणार कुठून? एका बाबतीत पॅटर्नवालीनं हट्ट धरला. प्रोसेसर असा घ्यायचा की ज्याच्या पोटातच थोडंफार चित्र काढायची सोय आहे. "जरा महाग पडतो ताई, पण कधी कार्ड बिघडलं तरी कॉम्प्युटर सुरू तर होईल."

"म्हणजे स्पेअर," पानाताई म्हणाली आणि कीबोर्ड साधा करून टाकला.

आई दादाकडे राहायची. दर रविवारी पानाताई तिला भेटायला जायची, तिथे बोलता बोलता ही गोष्ट निघाली. दादा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोंदी ठेवायचा, वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलेला. तो हसला. "तू गेम खेळणार? या वयात?"

"तुझ्याहून चार वर्षांनी लहानच आहे मी."

"अगं, दादाला घेऊन जा दुकानात," आई म्हणाली. "एकटी गेलीस तर फसवतील."

पानाताईला नको होतं. पण आईनं ते तीन रविवार लावून धरलं, आणि चौथ्या रविवारी भाऊ-बहीण दुकानात उभे होते.

दुकानदार चष्मेवाला, चाळिशीचा, गळ्यात पेचकस अडकवलेला. त्यानं दादाकडे बघून विचारलं, "मुलासाठी का?"

"माझ्यासाठी," पानाताई म्हणाली.

"हां हां. मग साहेब, बजेट किती धरू?" हेही दादालाच.

"साहेब सोबत आलेत," पानाताई म्हणाली. "पैसे माझ्या पिशवीत आहेत. माझ्याशी बोला."

त्यानं चष्मा वर सरकवला आणि एक तयार कॉम्प्युटर दाखवला. काचेचं कॅबिनेट, आत सात रंगांचे दिवे फिरत होते.

"याच्यात पॉवर सप्लाय कोणता?"

"चांगला आहे, मॅडम."

"चांगला हे काय कंपनीचं नाव आहे? वॅट किती, वॉरंटी किती वर्षांची, ते सांगा."

चष्मेवाल्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो काउंटरच्या अलीकडे आला आणि खाकी कागद हातात घेऊन वाचायला लागला. अर्ध्या तासात त्या दोघांचं जमलं. मधे दादा सारखा तोंड घालत होता. पॉवर सप्लायवर एवढा खर्च कशाला, रॅम निम्मी घे, नंतर वाढवता येते. फक्त एका गोष्टीत त्यानं हात आखडू दिला नाही. "कार्ड मात्र याच्या वरचं घे. कार्डावर कंजुषी करू नये."

पानाताईला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा दादा तिच्यासाठी काहीतरी मोठं घे म्हणत होता. तिनं मॉनिटर एका पायरीनं उतरवला, खुर्चीचा बेत सोडून दिला आणि वरचं कार्ड घेतलं.

चष्मेवाल्यानं एकेक वस्तू खोक्यातून काढून दाखवली, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर दुकानाचा बारीक निळा शिक्का मारला आणि नंबर लिहून घेतले. जोडणी आपण स्वतः करायची असं तिनं ठरवलं होतं. पण दादानं खोकी उचलून रिक्षात ठेवली. "तुझ्याच्यानं होणार नाही. एक पिन वाकली तर सगळं बोंबलेल. मी जोडून, तपासून रविवारी आणून देतो."

"मी रोज मशीन उघडते, दादा."

"शिलाई मशीन वेगळं आणि हे वेगळं."

संध्याकाळी आईचाही फोन आला. करू दे ना त्याला, एवढा हौसेनं करतोय तर. पानाताई गप्प बसली. पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला तो आपल्या या गप्प बसण्याचा.

रविवारी दादा कॉम्प्युटर घेऊन आला. रिकामी खोकीही आणली होती, कारण वॉरंटीसाठी ती हवीत असं तिनं दोनदा बजावलं होतं. कॅबिनेटच्या झाकणावर त्यानं चिकटपट्टी लावली होती. "हे उघडू नकोस. उघडलंस तर वॉरंटी गेली." त्यानं बटण दाबलं, पडदा उजळला, चहा पिऊन तो गेला.

पानाताईनं ट्रक बाहेर काढला. दहा मिनिटं झकास चालला. पुलावर चढताना पडद्यावर रंगीत चौकोन उमटले, आतून मिक्सरसारखा आवाज यायला लागला आणि सगळं गोठलं. तिनं बंद करून पुन्हा लावला. पुन्हा दहा मिनिटं. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. रोज माल भरलेला ट्रक कुठेतरी रस्त्यात थिजून उभा. बुधवारी तिनं दादाला फोन केला.

"माझ्याकडे दोन दिवस व्यवस्थित चालला," दादा म्हणाला. "तुझ्याच वापरण्यात काहीतरी चुकत असेल."

"काय चुकेल?"

"आता मी काय सांगू? सवय नाही तुला. सावकाश शीक."

तिनं फोन ठेवला. ती खरंच विचार करत बसली की आपलं काय चुकतंय. बटण चुकीचं दाबलं का? काही भलतंच उघडलं गेलं का? तीस वर्षं दुसऱ्यांची मशीन दुरुस्त करणारी बाई खुर्चीत बसून आपण मूर्ख आहोत का, असा विचार करत होती. मग तिच्याच तोंडून निघालं, "आपोआप काही होत नसतं." तिनं एप्रनमधला पेचकस काढला आणि चिकटपट्टी टरकन ओढली.

बिघाड शोधायची तिची एक रीत होती. संशय असेल तो भाग काढून ठेवायचा आणि त्याच्याशिवाय मशीन चालवून बघायचं. आवाज कार्डाच्या पंख्याचा होता. तिनं कार्ड काढलं आणि मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डला लावली. चित्र गढूळ झालं, ट्रक लंगडत चालला, पण अर्धा तास झाला तरी कुठे अडला नाही. म्हणजे दोष कार्डात होता आणि वापरणारीचं काही चुकलं नव्हतं.

मग तिनं कार्ड खिडकीत उजेडाला धरलं. स्क्रूंची डोकी झिजलेली, एकाची चीर तर पार बुजलेली. नवा स्क्रू असा नसतो, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पंख्याच्या पात्यांमागे राखाडी धूळ दाबून बसली होती. चार दिवसांत इतकी धूळ कारखान्यातल्या मशीनमध्येही बसत नाही, जिथे दिवसभर सुताचा भुगा उडतो. तिनं खोकं आणलं. खोक्यावरचा नंबर एक, कार्डावरचा दुसरा. तिनं फोटो काढून पॅटर्नवालीला पाठवला. दोन मिनिटांत फोन आला.

"ताई, तुम्ही घेतलेलं कार्डच नाही हे. त्याच कंपनीचं आहे, दिसतं तसंच, पण पाच-सहा वर्षांपूर्वीचं आहे."

पानाताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि दुपारी थेट दुकान गाठलं. आत चार-पाच गिऱ्हाइकं होती. तिनं कार्ड काउंटरवर आपटलं.

"हा काय प्रकार आहे? बाई बघून जुना माल बांधलात होय? निळा शिक्का मारायचा, नंबर लिहायचा, एवढं नाटक कशाला केलंत मग? जो माणूस पहिल्या मिनिटापासून माझ्याऐवजी माझ्या भावाशी बोलत होता, त्याच्याकडून दुसरं काय मिळणार म्हणा. चोर आहात तुम्ही."

एक गिऱ्हाईक हातातला माउस ठेवून हळूच बाहेर पडलं. चष्मेवाला लालबुंद झाला, पण आवाज चढवला नाही. त्यानं कार्ड उलटसुलट केलं.

"शिक्का दाखवा."

"काय?"

"माझा निळा शिक्का. तुमच्यासमोर मारला होता. दाखवा कुठे आहे."

शिक्का नव्हता. चष्मेवाल्यानं वही उघडून त्या दिवसाचा नंबर दाखवला. तो खोक्यावरच्या नंबराशी जुळत होता. "घरी जाऊन रॅम बघा, मदरबोर्ड बघा, सगळ्यावर शिक्का असेल. फक्त याच्यावर नाही. कारण हे माझ्या दुकानातून गेलेलंच नाही." त्यानं वही मिटली. "राग मानू नका, पण तुम्ही पैसे काढत होतात तेव्हा तुमच्या भावांनी मला एक विचारलं होतं. हे कार्ड पाच वर्षं जुन्या मदरबोर्डवर चालेल ना, म्हणून. मला वाटलं सहज विचारतायत."

दादाच्या मुलाचा कॉम्प्युटर पाच वर्षांचा होता. भाचा पंचवीसचा, गेमच्या स्पर्धांमध्ये खेळायचा, आणि आपलं कार्ड जुनं झालंय म्हणून वर्षभर कुरकुरत होता. कार्डावर कंजुषी करू नये. बरोबरच होतं. दादानं कार्ड निवडलं होतं, फक्त तिच्यासाठी नव्हे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते तिनं चार माणसांसमोर करून दाखवलं होतं. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

"चुकलं माझं," ती पुटपुटली.

"चोर म्हणालात ते सगळ्यांना ऐकू गेलं," चष्मेवाला म्हणाला. "हे मलाही नीट ऐकू आलं नाही."

त्याचं खरं होतं. पानाताई वळली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी यांना चोर म्हणाले ते चूक होतं. माल यांनी बरोबर दिला होता. चोरी माझ्या घरात झालीय." मग ती त्याला म्हणाली, "पण भावाशी बोलत होतात, ते मात्र मी परत घेत नाही."

"ते ठेवा," चष्मेवाला म्हणाला.

तिथून ती रिक्षानं दादाच्या घरी गेली. वहिनीनं दार उघडलं. "अहो, आज गुरुवारी कशा काय?" पानाताई सरळ आतल्या खोलीत गेली. भाचा कानाला हेडफोन लावून खेळत बसला होता. तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"आत्या, मॅच चालू होती माझी," भाचा ओरडलाच.

"झाकण उघड."

तिचा चेहरा बघून त्यानं मुकाट्यानं कॅबिनेट उघडलं. आत तिचं कार्ड होतं. कोपऱ्यात निळा शिक्का.

"हे कुठून आलं?"

भाच्याला कळेना. "म्हणजे काय, तूच दिलंस ना? बाबा म्हणाले, आत्यानं वाढदिवसाला दिलंय. मी तुला थँक्यूचा मेसेजही केला."

मेसेज आला होता. थँक्यू आत्या, खाली तीन बदाम. तिला वाटलं होतं, पोरगा मायेनं पाठवतोय, आणि तिनंही उलट एक बदाम पाठवला होता. आता ते आठवून तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ती खाली बसून स्क्रू काढायला लागली. वहिनी दारात उभी होती. तिनं अडवलं नाही आणि काही विचारलंही नाही, त्यावरून पानाताईला समजायचं ते समजलं.

एवढ्यात दादा ऑफिसातून आला. खोलीत बहीण जमिनीवर बसलेली, मांडीवर कार्ड. आणि लगेच चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या.

"न विचारता लोकांच्या वस्तूंना हात लावतेस?"

"लोकांच्या?" पानाताई उठली. "हा शिक्का वाच. हे बिल वाच. तुझं नाव कुठे आहे ते दाखव."

"अगं घरातल्या घरात आहे सगळं. बाहेर कुठे गेलंय? त्याला खरोखर लागतं ते. तो स्पर्धा खेळतो, उद्या त्यातून काही होईल त्याचं. तुला काय, ट्रकच चालवायचाय. तुला काय फरक पडतो?"

"मला काय फरक पडतो, ते मला विचारायला तुला तोंड होतं ना? मागितलं असतंस तर मी नाही म्हणाले असते, आणि ते ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलंस."

"मी तुला कार्ड दिलं होतं की. रिकामं थोडंच ठेवलं."

"दिलंस. जळकं. आणि मी फोन केला तेव्हा म्हणालास, तुझ्या वापरण्यात चुकतंय." इथे पानाताईचा आवाज खाली आला, आणि ज्यांनी तिला तीस वर्षं ओळखलं होतं त्यांना तो खालचा आवाजच जास्त भीतीदायक वाटला असता. "वस्तू नेलीस ते एक वेळ सोडून दिलं असतं, दादा. पण तुला माहीत होतं काय बिघडलंय, तरी मी चार दिवस स्वतःला अडाणी समजत बसले आणि तू मला सावकाश शीक म्हणालास. हे मी सोडणार नाही."

आई काठी टेकत बाहेरच्या खोलीतून आली. तिनं सगळं ऐकलं असावं. "एवढ्याशा पत्र्याच्या तुकड्यासाठी सख्ख्या भावाशी भांडतेस? लोक काय म्हणतील?"

"आई, दादाला घेऊन जा, एकटीला फसवतील, असं तूच म्हणाली होतीस ना," पानाताई म्हणाली. "दुकानात मला कुणी फसवलं नाही."

आई भाच्याच्या पलंगावर बसली आणि काठीच्या मुठीकडे बघत राहिली. भाचा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मला खोटं सांगितलंत." दादानं त्याला गप्प बस म्हणून हात केला.

पानाताईनं पिशवीतून जुनं कार्ड काढून उघड्या कॅबिनेटवर ठेवलं, आपलं कार्ड ओढणीत गुंडाळलं आणि चपला घातल्या. मागून दादा म्हणाला, "आता काही बिघडलं तर माझ्याकडे यायचं नाही."

"बिघडलं तर मी दुरुस्त करते," ती म्हणाली. "पोटापाण्याला तेच करते मी."

रविवारी पॅटर्नवाली आली. पानाताईनं सगळा कॉम्प्युटर सुटा करून चादरीवर मांडला होता. दादानं लावलेला एकही स्क्रू तिला आत नको होता. दोघींनी पहिल्यापासून जोडायला घेतलं. प्रोसेसर थंड राहावा म्हणून लावलेली जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पंखा बसवला, वायरी मागून फिरवून नीट बांधल्या. दादानं पॉवर सप्लाय उलट्या तोंडानं बसवला होता, ते सुटं करताना दिसलं होतं. ते सांगताना पानाताईनं त्याच्या वीस वर्षांच्या अनुभवाबद्दल असं काही म्हटलं की पॅटर्नवालीनं हसत हसत स्क्रू सांडले.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच.

पानाताईनं मूठ टेबलावर आपटली. "तो म्हणतच होता. माझ्याच्यानं होणार नाही, म्हणतच होता."

"ताई, थांबा जरा. रॅम बघू." पॅटर्नवालीनं पट्टी बोटानं चाचपली. एक टोक वर राहिलं होतं. पानाताईनं अंगठ्यानं दाबलं. दाबताना तिला भीती वाटली, मोडेल की काय, पण खट्ट आवाज झाला आणि पट्टी बसली. या वेळी पडदा उजळला. त्या दुपारी तिनं पहिल्यांदा तो पूल ओलांडला आणि पलीकडच्या वळणावर ट्रक कुंपणात घातला. पण या वेळी चूक ट्रकवालीची होती आणि तिला ती मान्य होती.

त्यानंतर दादा बोलायचा बंद झाला. नातेवाइकांमध्ये त्यानं सांगितलं की बहिणीनं घरात घुसून पोराचा कॉम्प्युटर फोडला. पानाताईनं कुणाला खुलासा दिला नाही. कुणी विचारलंच तर ती बिल दाखवायची. रविवारी आईला भेटायला जाणं तिनं सोडलं नाही. फक्त ती आता फाटकाशी रिक्षा थांबवून आईला खाली बोलवायची, आणि दोघी बाकावर बसून तासभर बोलायच्या. वर मात्र ती गेली नाही. राग काही निवला नाही. मशीनला तेल घालताना, भाजी चिरताना तो मधेच उसळून यायचा, आणि तिनंही तो दाबायचा प्रयत्न केला नाही.

तीन महिन्यांनी भाचा तिच्या दारात आला. त्यानं एका दुकानात नोकरी धरली होती आणि स्वतःच्या पगारातून कार्ड घ्यायचं होतं. बरोबर ये म्हणाला.

"यादी करून आण," पानाताई म्हणाली. "प्रत्येक भाग का घेतलास ते मला सांगता आलं पाहिजे. आणि जोडायचं तू. मी बसून बघणार." तो चार याद्या करून आला. चारही तिनं नापास केल्या. पाचवी घेऊन दोघं चष्मेवाल्याकडे गेले. चष्मेवाल्यानं भाच्याला नमस्कार केला आणि कागद तिच्या हातातून घेतला.

परवा दुपारी ती घाटातून वीस टन लोखंड घेऊन उतरत होती, तेव्हा आईचा फोन आला. आईनं इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग मुद्द्यावर आली. दादाचा गुडघा दुखतोय. दादा काही स्वतःहून फोन करणार नाही, स्वभावच तसा. तूच एकदा कर, धाकटी आहेस.

पानाताईनं ब्रेक दाबला, गिअर उतरवला आणि आरशात मागच्या गाड्यांकडे नजर टाकली.

"आई, मी गाडी चालवतेय," ती म्हणाली. "नंतर बोलते."